काकूंचं रंगीत अळू आणि माझी विद्वत्ता

आमच्या घाटकोपरच्या सोसायटीत झाडांचा डॉक्टर म्हणून माझी ख्याती आहे. ती मीच पसरवली. फोनमधल्या ॲपने पानाचा फोटो काढला की झाडाचं नाव कळतं. एवढ्या भांडवलावर मी तीन मजल्यांवरच्या कुंड्यांची बारशी करत हिंडायचो.

समोरच्या काकू मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला निघाल्या, तेव्हा गणपती नुकतेच झाले होते. जाताना त्यांनी आपली लाडकी कुंडी माझ्या हातात ठेवली. मोठाली पानं, कडेला हिरवी आणि मध्ये अशी गुलाबी की रंगपंचमीनंतर अंघोळच केली नसावी. त्याचा कंद मुलुंडच्या बहिणीने दिलेला. बहीण गेल्यापासून काकू रोज त्या कुंडीशी बोलायच्या. बहुतेक तक्रारीच असायच्या, पण बोलायच्या.

"हे रंगीत अळू हं. थंडीत याचं काय होतं, की..."

"अळू नव्हे काकू," मी फोन नाचवला. "कॅलेडियम बायकलर. दक्षिण अमेरिकेतल्या वर्षावनातलं. दमट हवा, भरपूर पाणी. मला काय शिकवता?"

"बरं बाबा," म्हणत काकू रिक्षात बसल्या.

दिवाळीच्या सुमारास पानांनी माना टाकल्या. मी घरात वर्षावन उभारायला घेतलं. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, बाथरूममध्ये गीझर सोडून कुंडीला वाफही दिली. माझ्या सर्दीला बरं वाटलं. कुंडीत मात्र आठवडाभरात नुसती माती उरली.

"मारलंस ना?" बायको म्हणाली. "काकूंना सांग."

"सांगतो. योग्य वेळी."

त्याआधीच काकूंचा व्हिडिओ कॉल आला. "नात झाली रे! तिला माझं झाड दाखव."

"आवाज तुटतोय काकू, अर्ध्या तासाने करतो," असं म्हणून मी माळ्यावर चढलो. मखराच्या खोक्यात प्लॅस्टिकची पानं होती, तारेच्या देठांची, आणि नशिबाने गुलाबी-हिरवी. सहा पानं मातीत खोल खुपसली, वर पाण्याचा फवारा मारला आणि फोन जरा लांबच धरला.

"अगंबाई! दिवाळी झाली तरी हिरवं?"

सूर कौतुकाचा होता, त्यामुळे मी पुढचा विचारच केला नाही. मग दर रविवारी दर्शन सुरू झालं. शेजाऱ्यांना संशय नको म्हणून मी पाणीही घालत राहिलो, म्हणजे प्लॅस्टिकला.

जानेवारीत काकूंना राहवेना. "अरे, खरं सांग, तू घालतोस तरी काय? माझं दर दिवाळीला झोपतं. पानं झडतात, मी पाणी तोडते. कंद गुपचूप पडून राहतो आणि मेच्या शेवटी आपोआप उठतो. जाताना तेच तर सांगत होते, तुझं लेक्चर सुरू झालं!"

मी "हो हो" करत फोन ठेवला आणि कुंडी उलटी केली. लिंबाएवढा कंद निघाला. त्यात एक तार आरपार गेलेली. अर्धा कंद पिकल्या चिकूसारखा मऊ, आणि वारा फिरला की कांजूरमार्गच्या कचराडेपोकडून येतो तसला वास. झाड नुसतं झोपलं होतं. झोपेत त्याला बुडवलं मी आणि भोसकलंही मीच.

नर्सरीत असलाच दुसरा कंद मिळतो, मेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता, हा विचार माझ्या मनात आला. लपवत नाही, चांगला दोन दिवस मुक्कामाला होता. पण काकू परत येऊन कुठल्यातरी परक्या कंदाजवळ मुलुंडच्या आठवणी काढणार, हे चित्र काही पचेना. मीच फोन लावला आणि सगळं सांगून कॅमेऱ्यासमोर तो सडका गोळा धरला.

काकूंनी फोन डोळ्यांजवळ नेऊन तो गोळा निरखला.

"सुरी घे," म्हणाल्या.

"काकू, मला खरंच..."

"आधी तोंड बंद कर. सुरी घे. पांढरा गर लागेपर्यंत काप. अजून. अरे, बटाटा सोलतोयस का! आता हळद चोळ. दोन दिवस सावलीत वाळव, मग कागदात गुंडाळून ठेव. आणि पाणी दाखवलंस तर याद राख." मग थोड्या वेळाने, "आणि मी तीन महिने बघत होते ते काय होतं?"

"मखराची पानं."

काकू इतक्या हसल्या की मागे नात दचकून रडायला लागली. मग चष्मा काढून त्या डोळे पुसत बसल्या. ते सगळं पाणी हसण्याचं होतं असं मी समजत नाही. "ती असती ना," म्हणाल्या, "तर मुलुंडहून रिक्षा करून तुला मारायला आली असती."

फेब्रुवारीत काकू आल्या. सुपारीएवढा उरलेला तुकडा माझ्याकडून नेला आणि मेमध्ये स्वतः लावला. मला त्यांच्या बाल्कनीत जायची बंदी होती. जिन्यात भेटल्या की मी विचारायचो, त्या नुसती 'नाही' अशी मान हलवायच्या. जूनही अर्धा सरला. मी विचारणं सोडून दिलं. काकू दिसल्या की जिन्यातच बुटाची लेस बांधत बसायचो.

एका सकाळी बेल वाजली. दारात काकू, बोटांना माती.

"एक टोक आलंय. गुलाबी आहे," म्हणाल्या. "बघायचं असेल तर ये. हात मागे बांधून ये."