डाव्या हाताचे दोन वेढे

आधीच सांगते, मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. घरात कोणी दृष्ट काढायला लागलं की मी स्वयंपाकघरात निघून जाते. त्यामुळे हे लिहायला मला जवळजवळ दीड वर्ष लागलं.

आमचा एक प्रोजेक्ट होता. कॅमेऱ्यातून माणसाची हालचाल टिपायची. आमचा प्रोग्राम खांदा, कोपर, मनगट, बोटांची पेरं अशा जागी ठिपके लावतो, ते रेघांनी जोडतो, आणि पडद्यावर काड्यांचा माणूस दिसतो. दोन माणसं असतील तर कोण कोणाकडे वळलंय, कोण कोणापासून किती लांब आहे, तेही कळतं. आम्हाला एवढंच तपासायचं होतं - लकवा मारलेला पेशंट एकटा असताना जास्त हालचाल करतो, की आपलं माणूस जवळ असताना?

अकोल्याला जठारपेठेत माझी मैत्रीण सायली फिजिओथेरपी सेंटर चालवते. दर शनिवारी सकाळी मी तिथे जायचे, पेशंटची परवानगी घेऊन कॅमेरा लावायचे.

तिथे वच्छलाबाई यायच्या. साठीच्या आसपास, अकोल्याजवळच्या गावात फुलांचा मळा. डावा हात पूर्ण गेलेला. बोलता येत होतं, पण बोलायच्या नाहीत. सायलीने हात उचलून दिला तर तेवढा वर जायचा, सोडला की मांडीवर पडायचा. स्वतःहून प्रयत्न नाहीच. "अजून महिनाभर पाहू," सायली मला म्हणाली होती. "मनच नाही गं त्यांचं. घरचे तरी किती दिवस आणतील?"

एका शनिवारी त्यांची सून तापाने आजारी होती, म्हणून धाकटी जाऊ सोबत आली. इंदूबाई. सायलीने मला हळूच सांगितलं, घर वेगळं झाल्यापासून दोघींत सहा वर्षांचा अबोला आहे. इंदूबाई समोरच्या स्टुलावर बसल्या, खिडकीकडे तोंड करून. वच्छलाबाई खुर्चीत, हात मांडीवर. पाऊण तास दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. मी रेकॉर्डिंग केलं आणि अमरावतीला परतले.

सोमवारी कॉलेजच्या लॅबमध्ये ते रेकॉर्डिंग प्रोग्राममध्ये चालवलं, आणि बघतच राहिले...

व्हिडिओत वच्छलाबाईंचा डावा हात मांडीवर निपचित होता. पण त्यावर लावलेले ठिपके मांडीवर नव्हते. काड्यांचा डावा हात छातीपर्यंत उचललेला होता, आणि त्याची बोटं चालू होती. चिमटीत काहीतरी धरायचं, गोल फिरवायचं, परत फिरवायचं, ओढायचं. पुन्हा तेच. मध्ये इंदूबाई पाणी प्यायला बाहेर गेल्या, तेव्हा काड्यांचा हात खाली आला. त्या परत येऊन बसल्या - पुन्हा सुरू.

ठिपके कधीकधी चुकतात. हात झाकलेला असला की प्रोग्राम अंदाज करतो. पण इथे हात उजेडात, समोर दिसत होता. मी तेच रेकॉर्डिंग पुन्हा चालवलं. या वेळी ठिपके निमूट मांडीवर. दहा वेळा चालवलं, दहाही वेळा मांडीवर. पहिल्या वेळची फाईल तेवढी वेगळी राहिली. माझा सहकारी म्हणाला, "मॅडम, दुसऱ्या कोणाची फाईल मिसळली असेल." पण आमच्याकडे असं बोटांचं काम करणाऱ्या कोणाचं रेकॉर्डिंगच नव्हतं.

पुढच्या शनिवारीही सोबत इंदूबाईच होत्या. सायलीला विचारून मी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि लॅपटॉपवर फक्त ठिपके आणि रेघा दाखवल्या. कोणाचं काय, काही सांगितलं नाही.

"हे काय होय?"

"हात आहे. काय करतोय सांगता येईल?"

पदर सावरून त्या पुढे वाकल्या.

"गजरा गुंफून राहिली," त्या म्हणाल्या. मग आवाज बदलला. "बाई होय ना हे? आमची मोठी बाई?"

"कशावरून म्हणता?"

"डावखुरी आहे ते. अन् दोन येढे देऊन गाठ मारते. साऱ्या घरात तिच्या एकटीच्याच हातानं बसते तशी गाठ. माह्या हातानं एकच येढा होते." आणि माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "पण मॅडम, तिचा हात तं चालत नाही ना?"

मी लॅपटॉप मिटला.

त्यानंतरच्या शनिवारी त्या ओल्या फडक्यात मोगऱ्याच्या कळ्या आणि दोरा घेऊन आल्या. स्टूल ओढून थेट वच्छलाबाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या, गुंफायला लागल्या. दोनदा गाठ सुटली.

"माह्यानं तुमच्यासारखी गाठ नाही बसत, बाई," त्या खाली मान घालूनच म्हणाल्या.

वच्छलाबाई त्या दोऱ्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "ढिल्ला सोडतं तू दोरा. कशी बसन?"

सायलीने माझा हात घट्ट धरला.

चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी बोट हललं नाही, त्यापुढच्या आठवड्यातही नाही. पण इंदूबाई दर वेळी आल्या, आणि वच्छलाबाई आता स्वतःहून हात उचलायची धडपड करायला लागल्या. पाचव्या शनिवारी अंगठा हलला. पावसाळा संपेपर्यंत चिमटीत दोरा टिकायला लागला. आज त्या अर्ध्या तासात एक गजरा करतात, जरा वाकडातिकडा. सायली म्हणते, यात नवल नाही. ओळखीचं काम, आपलं माणूस, रोजचा सराव, असे पेशंट सुधारतात. ते मला पटतं.

मला पटत नाही ते फक्त त्या ठिपक्यांचं.

मध्यंतरी मी वच्छलाबाईंना न राहवून विचारलं, "त्या पहिल्या दिवशी इंदूबाई समोर बसल्या होत्या, तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं?"

त्या जरा लाजल्या. "काई नाही वो. तिचा अंबाडा रिकामा दिसून राहिला होता. मले वाटलं, हात चालता असता तं गजरा करून माळला असता. बोलाची गरजच नसती पडली."

प्रोजेक्टच्या अहवालात वापरलेल्या आणि वगळलेल्या सगळ्या फाईलींची यादी द्यावी लागते, पुढे कारण लिहून. ही फाईल मी वगळली. कारणाच्या रकान्यात आधी 'तांत्रिक बिघाड' लिहिलं होतं. मग ते खोडलं आणि 'माहीत नाही' असं लिहिलं. अजूनही तेच आहे.