नाताळातलं ताजं पाणी

आमच्या घाटावरच्या गावात पाण्याला वय असतं. नळ कधी आठवड्यानं येतात, कधी त्याहून बऱ्याच उशिरानं, आणि मधल्या दिवसांत साठवलेलं पाणी आम्ही दुधासारखं जपून वापरतो. पण नळ येणार असल्याची बातमी कानावर आली की त्याच क्षणी घरातलं सगळं साठवणीचं पाणी शिळं ठरतं. सकाळपर्यंत ज्याच्या थेंबासाठी घरच्यांवर डोळे वटारले, ते पाणी दुपारी सढळ हातानं ओतलं जातं. अंगण धुतलं जातं, कोथिंबिरीचा वाफा भिजतो, माठ नारळाच्या शेंडीनं घासून उन्हात पालथे पडतात. गल्लीतून वाहणाऱ्या त्या ओघळांचा आवाज मला लहानपणापासून सणासारखा वाटत आला आहे. शिळ्यात ताजं मिसळायचं नाही, हा आमच्या गावातल्या बायकांचा नेम. तो कुणी घालून दिला हे कुणाला सांगता येणार नाही, आणि तो मोडणारी बाई मी पाहिलेली नाही.

त्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी नळ आले. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा महिना चालू होता. तिचं सासर घाटाखाली, वडनेर भोलजीला. जावई पुण्याला नोकरीत. आमच्या प्रभागाचा मोबाइलवर एक गट आहे. त्यावर नगरपालिकेचे सदस्य रोज काही ना काही टाकत असतात: बंद पडलेल्या दिव्यांच्या तक्रारी, नव्या नालीच्या भूमिपूजनाचे फोटो, वाढदिवसाचे हार. त्या दिवशी लाल टोपीतल्या म्हाताऱ्याच्या आणि घंटांच्या चित्रांखाली एक ओळ आली होती, की दुपारी आपल्या भागात पाणी सुटेल. मी लगेच हौद रिकामा करायला घेतला. भिंतीपलीकडच्या काकूंच्या बादल्यांचा आवाजही तेव्हाच सुरू झाला.

पाणी आलं तेव्हा ऊन कलतं झालं होतं. हवेत तुरीच्या वाळत्या शेंगांचा कोरडा, किंचित तुरट वास होता. नळानं आधी खाकरल्यासारखा आवाज केला, थोडं गढूळ पाणी थुंकलं, आणि मग धार स्थिर झाली. मुलगी पोटावर हात ठेवून सावकाश नळापाशी बसली आणि ओंजळ करून प्यायली. तिला गरोदरपणात मातीचं वेड लागलं होतं. तुळशीच्या कुंडीतली ढेकळं ती हुंगत बसायची, आणि भाजलेल्या मातीचा खडा तिच्या उशाखालून मी दोनदा काढून फेकला होता.

"आई, पाह्य ना," ती म्हणाली, "पान्याले कसा मातीचा वास येऊन राह्यला."

मीही एक ओंजळ प्यायले. वास होता. ओल्या भिंतीसारखा, जरासा गोडसर. नव्या पाण्याला कधीकधी येतो, असं मला वाटलं. ती पुन्हा प्यायली, चेहऱ्यावर पाणी मारून घेतलं, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर हसली. त्या रात्री जेवताना तिनं मागून मागून तेच पाणी घेतलं.

नाताळच्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की घंटागाडी दिसण्याआधी ऐकू आली. रोज तिच्या भोंग्यातून ओल्या आणि सुक्या कचऱ्याचं गाणं वाजतं. त्या दिवशी गाणं नव्हतं. सर्दीनं बसलेला एका माणसाचा आवाज कागदावरून वाचत होता: नागरिकांना सूचित करण्यात येते की नालीलगतची मुख्य जलवाहिनी फुटल्यामुळे काल सोडण्यात आलेले पाणी दूषित असण्याची शक्यता आहे, पुढील सूचनेपर्यंत हे पाणी पिण्यासाठी वापरू नये, आधी साठवलेले पाणी उकळून प्यावे.

आधी साठवलेलं पाणी. मी भाजीच्या देठांची टोपली हातात धरून दारात उभी होते. पायाखालचं अंगण अजून ओलं होतं. साऱ्या गल्लीनं आपलं चांगलं पाणी काल स्वतःच्या हातानं मातीत घातलं होतं आणि हौद घासून, स्वच्छ करून, त्यात ते दुसरं पाणी भरलं होतं.

काकू पदर डोक्यावर घेत भिंतीशी आल्या. "वा रे नगरपालिका," त्या म्हणाल्या. "जुनं पानी प्या म्हन्ते. आता काय अंगन चाटू का वो, बाई?"

त्यांच्या मागे कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. आतल्या खोलीत मुलगी झोपली होती. तिचा एक हात पांघरुणाबाहेर आला होता आणि उशाशी तांब्या रिकामा होता.

त्यानंतरचे दिवस सुट्ट्यांचे होते. नाताळाला जोडून शनिवार-रविवार आले. यजमान नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन कुलूप पाहून परतले. पाण्याचा नमुना सुट्ट्यांनंतर प्रयोगशाळेत जाईल, असं गटावर कळवण्यात आलं. त्या निरोपाखाली नव्या वर्षाच्या आगाऊ शुभेच्छा होत्या, सदस्यांच्या स्वेटरमधल्या सहकुटुंब फोटोवर पडलेले अंगठे होते, हरवलेल्या बकरीचा फोटो होता. आणि मधेच कुणीतरी लिहिलं होतं, की मागच्या गल्लीतल्या एका माणसाचे डोळे पिवळे झाले आहेत. कुणी विचारलं, कावीळ का? थोड्या वेळानं घंटेचं आणखी एक चित्र आलं.

मी ते एक वाक्य दिवसभर उघडून वाचत राहिले. मागच्या गल्लीतली ती लागण आदल्या दिवशीच्या नळांची नसावी, इतक्या लवकर कावीळ दिसत नाही, हे मला पुढे कळलं. त्याचा अर्थ मात्र धीर देणारा नव्हता. फुटलेली नळी त्या आधीपासून झिरपत असावी, आणि नालीत कावीळ आधीच होती.

डॉक्टरीणबाई सुट्टीतही दवाखाना उघडा ठेवत. त्यांनी मुलीला वजन करायला आत पाठवलं आणि दार लोटून घेतलं. त्या माझ्याच वयाच्या, एरवी मोठ्यानं बोलणाऱ्या. त्या दिवशी त्यांचा आवाज खाली आला. इतरांना ही कावीळ झाली तर काही आठवडे अंथरूण आणि पथ्य, एवढंच बहुतेक वेळा होतं, असं त्यांनी सांगितलं. शेवटच्या महिन्यांतल्या बाईचं वेगळं असतं. किती वेगळं, ते त्यांनी एका छोट्या वाक्यात सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. ते लिहिण्याचं धाडस मला अजून होत नाही.

"आज रक्त तपासून काही कळणार नाही," त्या म्हणाल्या. "लागायचं असेल तर महिन्याभरानं कळेल. रोज सकाळी तिचे डोळे पाहत जा. आणि तिला घाबरवू नका."

घरी येताना रिक्षात मुलगी बाळाच्या टोपीच्या लोकरीबद्दल बोलत होती. मी हो हो म्हणत होते. रस्त्याच्या कडेच्या वावरातली करडई, फाट्यावरच्या हातगाडीवरची केळी, शाळेची कंपाउंडची भिंत, सगळीकडून पिवळा रंग माझ्याकडे पाहत होता.

दुसऱ्या सकाळपासून माझं पाहणं सुरू झालं. पूर्वेच्या खिडकीला पिवळे पडदे होते. त्यांतून येणारा उजेड खोटं बोलेल म्हणून मी ते काढून टाकले आणि पांढरी चादर लावली. चहाचा कप देताना मी तिला खिडकीकडे तोंड करून बसवायची. कधी म्हणायची डोळ्यात कुसळ दिसतं आहे, कधी म्हणायची काजळ पसरलं आहे. अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढायची. आतला पांढरा भाग भिजलेल्या तांदळाच्या कणीसारखा होता. एवढं पाहिलं की तो दिवस उजाडायचा. दुपारी तिनं भाकरीचा अर्धा तुकडा ताटात ठेवला, की तोच दिवस पुन्हा काळवंडायचा. तिला मळमळलं तर मी आधी देवाऱ्याकडे पाहायची आणि मग तिच्याकडे. अंग खाजवलं तर माझ्या हातातलं काम थांबायचं. घरात सतत पाणी उकळत असे. काचांवर वाफ धरायची, भिंती दमट झाल्या, आणि त्या वाफेचा धातूसारखा वास माझ्या केसांत राहू लागला.

काकू मधूनमधून बातम्या आणत. त्यांच्या चुलत दिराला झाली, शाळेतल्या बाईंना झाली. कोण्या खेड्यात एक जण काडीची माळ डोक्यावर ठेवतो, ती कावीळ उतरेल तशी गळ्यापर्यंत लांबते, तर पोरीसाठी आधीच एक आणून ठेवू का, असं त्यांनी मला विचारलं. मी त्यांना हात जोडले. त्या घरात शिरल्या की मी मुलीला काहीतरी आणायला गच्चीवर पाठवायची, आणि मग सातव्या महिन्यातल्या पोरीला जिने चढायला लावल्याचं भय वेगळंच.

सुट्ट्या संपून कार्यालय उघडलं. नव्या वर्षात नळी दुरुस्त झाली. पावडर टाकलेलं पाणी सुटलं, त्याला दवाखान्यासारखा वास येत होता. पुढे घंटागाडीच्या भोंग्यातून त्याच बसक्या आवाजानं जाहीर केलं, की पाणी आता पिण्यास योग्य असून नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. त्यामागून लगेच ओल्या-सुक्या कचऱ्याचं गाणं लागलं. गावापुरता तो विषय तिथे मिटला. गटावर संक्रांतीच्या पतंगांची आणि नायलॉनच्या मांजाविरुद्धच्या मोहिमेची चर्चा सुरू झाली. माझ्या हिशेबात मात्र खरी भीती आता सुरू होत होती, कारण डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला महिना भरत आला होता.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी बोटभर हळद मुलीच्या कपाळावर ओढली. ती तिच्या गोऱ्या कातडीवर पसरली. मी तिला नंतर मोरीत नेलं आणि तिचं कपाळ साबणानं इतकं घासलं, की ती ओरडली. हळद निघाल्यावर खाली लाली राहिली. त्या लालीवर मी खूप वेळ ओला हात ठेवून उभी राहिले.

संक्रांत होऊन काही दिवस झाले असतील. मला त्या दिवसांत भूक नव्हती. फोडणीचा वास सहन होईना. पाय जड झाले होते, दुपारी बसल्या जागी डोळा लागायचा. एवढ्या काळजीनं माणसाचं दुसरं काय होणार, असं मी यजमानांना म्हणाले, आणि माझा त्यावर विश्वासही होता.

त्या सकाळी मी नेहमीसारखा कप पुढे केला आणि तिच्या पापणीकडे हात नेला. तिनं माझं मनगट धरलं.

"तू मले रोज काऊन पाहून राह्यली, हे मले माहीत हाये, आई," ती म्हणाली. "मी नाताळातच मोबाइलवर वाचलं सारं. तुले वाटे मले माहीत नाही, म्हनून मी बोलली नाही."

इतके दिवस ती लोकरीबद्दल बोलत होती, नावं सुचवत होती, माझ्या कुसळाच्या आणि काजळाच्या सबबींना मान देऊन डोळे मोठे करून दाखवत होती. त्या प्रत्येक सकाळी ती माझ्या चेहऱ्यावर स्वतःचं भविष्य वाचत असली पाहिजे. तिनं तिची पापणी आपणच खाली ओढली. स्वच्छ होती.

"आता तू दाखव," ती म्हणाली.

मी हसले. तिनं मला धरून खिडकीकडे वळवलं. तिचा अंगठा गार होता. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते, आणि त्या तोंडावरचं हसू हलेनासं झालं. एका डोळ्यावरून ती दुसऱ्यावर गेली, आणि पुन्हा पहिल्यावर आली.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "तोंड धुऊन ये बरं. मंग पाहू."

मी तोंड धुऊन आले. तिनं पुन्हा पाहिलं. या वेळी तिनं अंगठा काढला आणि वडिलांना हाक मारली.

ती सासरी जायला तयार नव्हती. आईला असं टाकून पहिलटकरीण सासरी बाळंत होत नसते, लोक काय म्हणतील, असं ती रडत म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की ही माणसाच्या श्वासानं लागत नाही, पण एकाच स्वयंपाकघरात, एकाच मोरीत हा धोका ठेवायचा कशाला. मी दाराच्या आत उभी राहून, चौकटीला हात न लावता, तिला जा म्हटलं. तिची बॅग यजमानांनी भरली. मी विणलेली टोपी मी त्यांना घेऊ दिली नाही. माझ्या हातांचं काहीच तिच्याबरोबर जायला नको होतं. काकूंनी ओटी भरली. गाडी घाटाच्या रस्त्याला लागली तेव्हा मी पांढऱ्या चादरीमागून पाहत होते.

पुढचे आठवडे उसाचा रस, ताकभात आणि छताकडे पाहणं यांत गेले. माझी कावीळ साधी निघाली, आणि मला तिची भीती एक क्षणही वाटली नाही. भीती सगळी वडनेरला होती. रोज सकाळी मुलगी मला आपल्या डोळ्यांचा फोटो पाठवायची, शब्दाविना, खालची पापणी बोटानं ओढलेली. तो आला की मी अंगावरची गोधडी बाजूला करायची.

एका सकाळी फोटो आला नाही. दुपारीही नाही. तिचा फोन कुणी उचलेना, जावयांचा लागेना. यजमान चप्पल घालून दारात उभे राहिले आणि कुठे जायचं ते न कळून तसेच उभे राहिले. दिवस उतरताना विहीणबाईंचा फोन आला. मागे दवाखान्यातल्या भांड्यांचा आणि बायकांच्या बोलण्याचा आवाज होता.

"पोरगी झाली, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "पहाटंच दवाखान्यात न्या लागलं, फोन घरीच राह्यले, हा आत्ता आनला. दोघीबी बऱ्या हायेत."

मी विचारलं, डोळे पाहिले का?

"कोनाचे वो? पोरीचे का पोरीच्या पोरीचे?"

"दोघींचे," मी म्हटलं. "उजेडात न्या अन् पाहा."

त्यांनी मला वेडी म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्या म्हणाल्या, थांबा. फोन त्यांनी तसाच कुठेतरी ठेवला. त्यांची पावलं लांब जाताना ऐकू आली, मग एक दार वाजलं, आणि कुणीतरी खिडकी उघडा म्हणून सांगितलं.