आधी उलटा, मग सुलटा
बरणीचं झाकण लावताना टक वाजलं, की निगडीच्या पार्किंगमधली ती दुपार आठवते. गाडीच्या सायलेन्सरच्या पाइपमधला गंजलेला ऑक्सिजन सेन्सर काढताना भोकाचे आटे बिघडले होते आणि गॅरेजवाला अख्खा पाइप बदला म्हणत होता. कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेल्या सासऱ्यांना ते पटेना. त्यांचे हात थरथरायचे, म्हणून गाडीखाली मी शिरले. आटे पाडायचा टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे फिरवत मी ते साफ केले. "आता नवा सेन्सर आधी उलटा फिरव, टक वाजलं की आटे जुळले, मग सुलटा," शेजारी उकिडवे बसलेले सासरे म्हणाले. टक वाजलं आणि सेन्सर नुसत्या बोटांनी सरसर आत गेला. "बसला, बाबा, बसला," मी गाडीखालूनच ओरडले. ते म्हणाले, "आमच्या टूलरूमला घेतलं असतं तुला." पुढे नोकरीत दोन बढत्या मिळाल्या, पण त्या वाक्याइतकी कुठलीच चढली नाही.