शहरवाली वहिनी

आमच्या वहिनीला सोलापुरातलं काही पसंत पडलेलं मी कधी पाहिलं नाही. सिद्धेश्वराचं तळं पाहून ती म्हणाली होती, "छान आहे, पण आमच्या हुसेनसागराच्या एका कोपऱ्यात मावेल." इथली चिंच आंबट नाही, चहा पातळ, बाजार दिवेलागणीला झोपणारा. हैदराबादचं नाव ती घेतच नसे. नुसतं 'शहर' म्हणायची, जणू जगात दुसरं शहर नव्हतंच. आळीतही ती शहरवालीच झाली. "मग ऱ्हायचं की तितंच!" असं आई करवादली, की वहिनी हसून वांग्यांत दाण्या-तिळाचा मसाला भरू लागायची. ती वांगी पानात आली की आईही गप्प जेवायची.

तिचं माहेर तुटलं ते लग्नाच्या मांडवातच. माझे वडील, अण्णा, सुताचे व्यापारी आणि शब्दाला कडक. त्यांच्या थोरल्या भावाला मागच्या पंगतीत बसवलं, एवढंच निमित्त. "हा उंबरा आम्ही पुन्हा चढणार नाही आणि आमची सूनही नाही," असं ते बोलून गेले. वहिनीचे वडीलही तसेच ताठ. पुढे ते वारले, तेव्हाही तिला कुणी पाठवलं नाही. आईची खुशाली तिला कळायची ती सुताच्या कामानं तिकडं जाणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या तोंडून. पंचमीला आळीतल्या सुना माहेरी गेल्या, की वहिनी घर जरा जास्तच झाडायची.

मग अण्णा गेले. त्यांचं वर्षश्राद्ध होईपर्यंत विचारायचं कसं, म्हणून ती गप्प राहिली आणि आम्हाला कुणाला सुचलं नाही. शेवटी माझा भाऊ, दादाच म्हणाला, "जाऊन ये. माईला सोबत ने." मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि सुट्टीच होती. वहिनीनं आपल्या आईसाठी मोतिया रंगाचं लुगडं घेतलं. वाडी जंक्शनला गाडी बदलल्यापासून ती खिडकीशी बसून मला शहर सांगत होती. "वन्सं, चारमिनारपाशी तुम्ही माझा हात सोडायचा नाही. नवखं माणूस हरवतं तिथं."

घरी वहिनीच्या भावजयीनं दार उघडलं. वहिनीची आई पलंगावर बसली होती. लहानखुरी, गोरी, केस नीट विंचरलेले. वहिनी धावत जाऊन पायाशी बसली. म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं आणि सावरून पदर घेतला.

"कुठून आलात?"

"सोलापूरहून," वहिनी म्हणाली.

"सोलापूर? मग आमची इंदू तिकडंच दिलीय. ओळखता का तिला?"

इंदू हे वहिनीचं माहेरचं नाव. आमच्या घरात ते कुणी घेत नसे.

"आई, मीच इंदू," ती म्हणाली. म्हातारी घाबरली. हात मागे घेत सुनेला हाका मारू लागली, "अगं, ही बाई काय म्हणते बघ! माझी इंदू एवढीशी आहे." भावजयीनं वहिनीला बाजूला नेलं. "गेल्या दिवाळीपर्यंत सगळ्यांना ओळखत होत्या हो," ती रडत म्हणाली. "सारखा तुमचाच धोशा होता."

गेल्या दिवाळीला वहिनी सोलापुरात, वर्षश्राद्धाची वाट पाहत बसली होती.

तीन दिवस ती आपल्याच घरात पाहुणी म्हणून राहिली. लुगडं 'इंदूनं पाठवलंय' म्हणून दिलं, तेव्हा म्हातारीनं ते गालाला लावलं. "तिला सांगा, मी रागावले नाही. तिच्या बाबांचा राग होता, माझा नव्हता." वहिनी म्हणाली, "सांगते." दुसऱ्या दिवशी मन रमावं म्हणून मी तिला बाजारात नेलं. टांगे, सायकली, अत्तरवाले, माणसांचा नुसता लोंढा. रस्ते रुंद झालेले, ओळखीची दुकानं हललेली. वहिनी चौकात उभी राहिली आणि तिला वाट कळेना. लाखेच्या बांगड्या विकणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं, "बाहर के हैं क्या अम्मा? कां से आए?"

 वहिनी म्हणाली, "शोलापूर से." आणि माझा हात धरला.

निघताना तिनं आईच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हातारीनं पाठीवरून हात फिरवला. "तुमच्या आईचं नशीब थोर," ती म्हणाली. "लेक अशी येत-जात असेल. पुढच्या वेळी आमच्या इंदूला घेऊन या."

पुढची वेळ आली नाही. थंडी सरता सरता म्हातारी गेली. वहिनीच्या तोंडून 'शहर' हा शब्द त्यानंतर मी ऐकला नाही. चिंच आंबट लागू लागली, चहा गोड झाला. आईलाच ते सोसेना. "बोल की गं कायतरी तुझ्या त्या शहराचं," ती एकदा म्हणाली. वहिनी नुसती हसली.

पुष्कळ वर्षांनी तिच्या मुलाचं लग्न झालं. सून बार्शीकडची. वर्षाच्या आतच देण्याघेण्यावरून दादाचं आणि व्याह्यांचं वाजलं. दादा अण्णांच्याच आवाजात म्हणाला, "आता त्या घराशी संबंध नाही." उभ्या जन्मात नवऱ्याला उलट न बोललेली वहिनी उठली, सुनेची ट्रंक पुढं ओढली आणि स्वतःच्या हातानं तिची लुगडी भरू लागली.

"हा रुसवा आम्ही इथं सांभाळून ठेवतो," ती सुनेला म्हणाली. "तू जाऊन ये. आई ओळखते आहे तोवर जाऊन ये."