डबल तगरीचा कौल

पुण्याला एम.एस्सी.ला माझा नंबर लागला तेव्हा बाबा नाही म्हणाले नाहीत. "देवीला विचारू," एवढंच म्हणाले. वरंधच्या अलीकडे आमची वाडी. तिथं म्हैस विकायची तरी देवीचा कौल लागायचा. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायचे. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

त्या दिवशी गुरवकाकांनी हात काढला न काढला तोच डावं फूल खाली आलं.

माझं डोकंच फिरलं. फुलं डबल तगरीची होती. देवळामागची जुनी एकेरी तगर वठली, म्हणून कुणीतरी महाडच्या नर्सरीतून भरगच्च फुलांचं रोप आणून लावलं होतं. कॉलेजात मी नुकतंच शिकले होते की फुलात पाकळी कुठे यावी आणि पुंकेसर कुठे, हे जनुकं ठरवतात. त्यातलं एक बिघडलं की पुंकेसरांच्या जागीही पाकळ्याच येतात. माणसाला ते शोभिवंत दिसतं, म्हणून तो तेच रोप वाढवत राहतो. हे सगळं मी देवळातच बाबांना ऐकवलं. म्हटलं, "असलं जड फूल टिकेल कसं? हा कौल नाही, हे नुसतं वजन आहे."

गुरवकाका हसले. "नाचता येईना, अंगण वाकडं. देवीला ठावं नाय व्हय, फूल कसलं हाय ते?"

बाबा मात्र हसले नाहीत. माझ्या शिक्षणाचा त्यांना फार अभिमान होता, आणि तोच मला आजही सलतो. "पोरगी शिकलेली हाय. ती म्हणते तर फूल चुकलं आसंल," ते म्हणाले. "तुला पटंल तसं तू आण गो. परत लावू."

दुसऱ्या दिवशी मावशीच्या परसातून मी एकेरी तगर आणली. पाच पाकळ्यांची, हलकी, दोन्ही फुलं अगदी सारखी निवडून. वाटेत मला जिंकल्यासारखंच वाटत होतं.

या वेळी फुलं बराच वेळ राहिली. देवीवर माझा विश्वास नव्हता, तरी हात आपोआप जोडले गेले. मग डावं फूल सुटलं.

मी भांडले होते ते फुलाशी, कौलाशी नाही.

बाबांचे डोळे भरून आले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "आता तर फूल बी तुझंच व्हतं गो."