मन्नानभाईंची पाटी चुकीच्या दारावर

मन्नानभाईंना अकोल्यातून आम्ही हाकललं होतं.

हे आज लिहितोय, कारण काल त्यांना जाऊन वर्ष झालं आणि त्यानिमित्त अकोल्यात झालेल्या कार्यक्रमात नेमकं याच्या उलट ऐकून आलो.

सारंगीवाले मन्नानभाई. ज्यांचे व्हिडिओ तुम्ही मला फॉरवर्ड करता, तेच. मुंबईला जाऊन मोठे झाले. पण त्याआधी सहा वर्षं ते अकोल्यात आमच्या गल्लीत राहत होते. वकीलसाहेबांच्या घरामागची एक खोली, भाड्याची. दार बोळात उघडायचं.

मी तेव्हा नवा-नवा मराठीचा मास्तर. बोळाच्या अलीकडे माझी खोली.

संध्याकाळी उद्याच्या तासाची कविता मोठ्यानं म्हणून बघायचो. पलीकडून आवाज यायचा, "मास्तर, थे दुसरं कडवं पुन्हा म्हना बरं!"

मी म्हणायचो. ते सारंगीवर तीच ओळ धरायचे.

आता ऐंशीला टेकलो. अजूनही त्या कविता आठवतात तेव्हा आधी सारंगी येते, शब्द मागाहून.

काल बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली. कार्यक्रमाला वेळ होता, म्हणून आधी बोळात गेलो.

खोलीत आता वंदना नावाची बाई राहते. दारातच पिको-फॉलचं मशीन. भिंतीतली लाकडी खुंटी तशीच आहे. तिच्यावर सारंगी असायची, आता साड्यांच्या पिशव्या.

इथं कोण राहायचं ते मी सांगितलं.

"अठी? आमच्या खोलीत?" ती हसायलाच लागली. "मंग पाटी समोरच्या गेटावर काहून लावून राहिले?"

"तेच विचारायले चाललो."

"इचारा बापा. आमाले तर त्या गेटातून आत बी येऊ देत नाई."

समोरच्या बाजूला, वकीलसाहेबांच्या घरापुढे मांडव. गेटाच्या खांबावर ग्रॅनाइटची पाटी, तिच्यावर मखमली पडदा. पाटीचा मजकूर पत्रिकेत छापलेलाच होता. या घराच्या आश्रयाने मन्नानभाईंची साधना फुलली म्हणे.

आश्रय!

तर ऐका, कसा होता तो आश्रय.

गल्लीला सारंगी सोसेना. "घरात मढं पडल्यावानी रडते थे दिवसभर," असं लोक म्हणायचे. त्यात पोरांच्या परीक्षा आल्या. वकीलसाहेबांनी मला बोलावून घेतलं.

"मास्तर, तुमचं अक्षर मोत्यावानी. सगळ्या गल्लीच्या वतीनं मलेच उद्देशून अर्ज लिहा. या भाडेकरूचा त्रास होते, खोली खाली करून घ्या म्हणून. तुमी सही नका करू पाहिजे तर."

मी लिहिला.

नवी नोकरी, नवं गाव, नाही म्हणायला जीभ रेटली नाही. सही केली नाही, आणि तेवढ्यावर स्वतःला निर्दोष ठरवून मोकळा झालो.

आठ दिवसांत खोली रिकामी.

सामान सायकलरिक्षात भरून झाल्यावर मन्नानभाई माझ्या दारात आले. महिनाभर आधी रेडिओच्या ऑडिशनसाठीचा त्यांचा अर्जही मीच लिहून दिला होता. ते माझं अक्षर ओळखणार नाहीत तर कोण?

"वकीलसाहेबानं अर्ज दाखवला, मास्तर. अन् काल रेडिओवाल्याइचं पत्र बी आलं. तुमच्या हातचे दोन्ही अर्ज मंजूर झाले पाहा."

हसले. खरंच हसले. सारंगी छातीशी धरून रिक्षात बसले.

नंतर मी चार वेळा मुंबईला गेलो. त्यांच्याकडे एकदाही नाही.

काल मांडवात, जुना शेजारी म्हणून माझ्या हातात माईक देताना वकीलसाहेबांचा नातू कानात म्हणाला, "सर, दोनच मिनिटं. अन् पॉझिटिव्ह बोला."

मी सगळं सांगितलं. न केलेल्या सहीसकट.

"अर्ज तुमीच लिहिला ना, मास्तर?" मागून कोणीतरी ओरडलं.

"हो, मीच लिहिला! अन् या घरानं लिहवून घेतला. हाच आश्रय!"

माईक बंद झाला.

अरे, साठ-साठ पोरांच्या वर्गात पस्तीस वर्षं कविता शिकवल्या मी. मले माईक लागते का? उरलेलं तसंच सांगितलं.

पडद्याची दोरी मन्नानभाईंच्या मुलीच्या हातात होती. तिला मुंबईहून खास बोलावलं होतं. तिनं दोरी सोडली आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वाटलं, आता ही मला ऐकवणार. तिचा हक्कच होता.

"खोली कुठे आहे?"

"मागून जा लागते, बेटा."

"चला."

नातू मागे धावला, "मॅडम, आधी अनावरण!" तिनं वळूनही पाहिलं नाही.

वंदनानं घाईघाईनं खुंटीवरच्या पिशव्या काढल्या. "बस ना वं बाई." ती खाली फरशीवर बसली.

मग म्हणाली, "अब्बा सांगायचे, अकोल्यात एक मास्तर होते, कविता फार छान म्हणायचे. अर्जाचं कधीच बोलले नाहीत."

मी दारातच उभा.

"मला तुमचा राग आलाय, काका. पण उभे नका राहू. बसा."

बसलो.

ती बोळातूनच स्टेशनला गेली. पाटीवरचा पडदा कोणी ओढला, ओढला की नाही, मला माहीत नाही.

संध्याकाळी नातवाचा फोन आला. "सर, फेसबुकवर काही टाकू नका. बदनामी तुमचीच होईल."

होऊ दे. माझीच आहे ती, दुसऱ्या कोणाच्या नावावर कशाला घालू? पोस्ट डिलीट होणार नाही. खुशाल शेअर करा. आणि अकोल्यात गेलात तर त्या गेटासमोर फोटो काढू नका. बोळात जा, पिको-फॉलवाल्या वंदनाबाईंचं दार विचारा. मन्नानभाई तिथं वाजवायचे.

मन्नानभाई, माफी मागायची तेव्हा मी दार लावून घरात बसलो होतो. आता मागून तिला काय चव?

जितके दिवस आहे तितके दिवस खरं सांगत राहीन.

फार उशिरा आलेली ही श्रद्धांजली घ्या. सलाम.

तुमचा मास्तर