वडिलांची आहे म्हणून

हैदराबाद शहरात रागावण्यासारखं जे जे काही आहे, त्या सगळ्यावर माझे दाजी एकटेच रागावतात. उरलेल्या आम्हां सगळ्यांना त्यांनी या कामातून मोकळं केलेलं आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्यात जन्मभर नकाशे काढून निवृत्त झाले, पण कानावरची पेन्सिल काही निवृत्त झाली नाही. कोठीच्या फुटपाथवरचा पुस्तकवाला पुस्तकं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर वीट ठेवतो, याचा त्यांना राग येतो. सुलतान बाजारातला कापडवाला मोजताना कापड ताणतो, याचा येतो. चिक्कडपल्लीत त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जी पाटी आहे तिच्यावरचा बाण जरासा डावीकडे कललेला आहे, याचा तर रोज सकाळी फिरायला जाताना एकदा आणि परतताना एकदा असा दोनदा येतो. "त्या बाणाच्या भरवशावर गेलेला माणूस थेट मोरीत जाईल," असं त्यांचं म्हणणं. आजवर कोणी गेलेला नाही, याचाही त्यांना थोडा रागच असावा.

आणि हा एवढा संतापी माणूस साधा डासही मारत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ भगवंतांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हणायचं आणि म्हटलेलं पाळायचं, हा त्यांच्या घरचा नेम. आम्हीही म्हणतो, पण पाळण्याच्या बाबतीत आमचा हात जरा सैल. दाजींच्या घरात डासांची उदबत्ती आणायला बंदी आहे. डास दिसला की ते त्याच्यावर पेला पालथा घालतात, खालून पोस्टकार्ड सरकवतात आणि खिडकीपर्यंत नेताना त्याला झाडत जातात, "लाज नाही वाटत? विचारून तरी चावावं!" तेवढ्या वेळात दुसरे चार डास माझ्या बहिणीला चावून घेतात. तिचा राग मात्र या घरात कोणी विचारात घेत नाही.

हे सगळं मी वर्षानुवर्षं हसत सोसलं. पण दाजींचे वडील, म्हणजे आबा वारले, आणि त्यानंतर या गृहस्थांनी मला जे पळवलं, त्याबद्दलचा माझा संताप मी इथं लिहून ठेवणार आहे. आबा पलटणीत होते. पलटण सोडताना जुनी झालेली एक रायफल त्यांनी रीतसर परवान्यावर विकत घेतली होती. हातभर लाकडी दस्त्याची, भारी वजनाची, मागचा खटका उचलून मागं ओढायचा, मग पुढं ढकलायचा, तेव्हा कुठं एक गोळी सुटायला तयार, अशी. परवाना आबांच्या नावावर होता. ते गेल्यावर रायफल पोलीस ठाण्यात जमा करावी लागली, आणि वारस म्हणून दाजींनी परवान्यासाठी अर्ज केला. परवाना मिळाला तर रायफल घरी येणार होती. नाही मिळाला तर सरकार तिला वितळवून टाकणार होतं.

अर्जाची सुनावणी होईपर्यंत रायफल ठाण्याच्या कोठारात होती. दाजी दर रविवारी हातात तेलाची बाटली आणि मलमलीचा तुकडा घेऊन, दवाखान्यात कोणाला बघायला जावं तसे तिला बघायला जात. शिपाई बिचारे देवमाणसं. "आव मामू, तुम्हारी बुड्ढी एकदम खैरियत से है," असं म्हणून कोठार उघडून देत. दाजी तिला पुसत, आणि तिला भिंतीला टेकवून तिरकी ठेवल्याबद्दल शिपायांना फैलावर घेत. "किसी के बाप को ऐसा टेढ़ा खड़ा करते क्या?" शिपाई म्हणत, "हौ मामू, गलती हुई," आणि पुढच्या रविवारी ती पुन्हा तिरकीच असे.

खरा घोळ अर्जातच झाला. अर्जात एक रकाना होता: शस्त्र कशासाठी हवे? तिथं दाजींनी नकाशावर गावांची नावं लिहावीत तशा रेखीव अक्षरांत लिहिलं, ‘वडिलांची आहे म्हणून.’ अर्ज परत आला. त्यांनी पुन्हा तेच लिहिलं, आणि सोबत रायफलीची तीन बाजूंनी मापासकट काढलेली आकृती जोडली. अर्ज आणखी लवकर परत आला, आणि ही आकृती काढण्यामागं काय हेतू होता अशी वेगळी चौकशी सुरू झाली. तेव्हा माझ्या बहिणीचा मला फोन. मी कचेरीतून रजा काढून दाजींबरोबर गेलो. खिडकीतला कारकून भला होता. तो म्हणाला, "अंकल, ऐसा नक्को लिखो. जान का खतरा है लिख देव. सब लोगां वहीच लिखते."

"सब लोगां झूठ लिखे तो मैं भी काइकू लिखूं?" दाजी कडाडले. मागची रांग मागं सरकली.

मी त्यांना बाजूला घेतलं. "दाजी, आत्मसंरक्षण लिहा आणि मोकळे व्हा."

"कोणापासून?"

"चोरांपासून."

"चोर आला तर मी त्याच्यावर गोळी झाडणार आहे का?"

"नाही."

"मग? चौथं शील काय आहे, मेव्हणे? खोटं बोलणार नाही. रोज म्हणता ना? की नुसतं ओठ हलवता?"

अशा माझ्या पाच रजा गेल्या. सहाव्या खेपेला सुनावणी निघाली. अधिकारी बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, शांत. त्यांनी विचारलं, "अंकल, चलाना आता आपको?" दाजी म्हणाले, नाही. "शिकार?" दाजी म्हणाले, मी मच्छर मारत नाही. "फिर काइकू होना आपको?"

दाजी आता बाईंवर कडाडणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका खाली आला. त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या गावी पाटलांच्या ओट्यापुढून जाताना आमच्या समाजाच्या माणसांना पायातलं काढून हातात घ्यावं लागे. आबांच्या वडिलांनी ते जन्मभर केलं. आबा पलटण सोडून गावी आले ते भर दुपारी, पायात बूट, खांद्यावर रायफल. ओटा माणसांनी भरलेला होता. आबा बूट न काढता सरळ गेले. कोणी अडवलं नाही. त्या रायफलीतून आबांनी गावात कधी एक गोळी झाडली नाही, आणि त्या दिवसानंतर कोणी पायातलं काढलंही नाही.

बाईंनी कागद पुन्हा चाळले. मग म्हणाल्या की ही पलटणीच्या गोळीच्या मापाची रायफल आहे, आता ती साध्या माणसाला परवान्यावर देता येत नाही, कायदाच तसा आहे. एक वाट आहे. नळीत लोखंड भरून आणि खटका सांधून ती कायमची निकामी करून घ्यायची, मग वडिलांची आठवण म्हणून घरी ठेवता येईल. नाहीतर सरकारजमा.

मला तर आनंद झाला. बाहेर पायऱ्यांवर मी म्हणालो, "वा दाजी! तुमच्या पंचशीलाला शोभेल अशी रायफल झाली!"

ते जागच्या जागी थांबले आणि आजवर कोणावर रागावले नसतील इतके माझ्यावर रागावले. "मारता येत असून मारत नाही, त्याला शील म्हणतात, मेव्हणे! मारताच आलं नाही, तर न मारण्यात आबांचं काय राहिलं? उद्या कोणीही म्हणेल, होतीच फुटकी!"

पुढं आठ दिवस दाजी कशावरच रागावले नाहीत. बहिणीचा फोन आला, "अरे, पाटीवरच्या बाणाकडे बघून नुसते पुढं गेले. मला भीती वाटते, तू ये." मी गेलो. दाजी सरकारजमाचा कागद पुढ्यात घेऊन बसले होते. अधू करून घरी आणण्यापेक्षा धडधाकट जाऊ दे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. माझी बहीण भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आबांचे शेवटी हातपाय चालत नव्हते. तेव्हा त्यांना कोणी सरकारात जमा केलं होतं का?"

दाजींनी तो कागद फाडला. मग तो चौकोनी फाटला नाही म्हणून त्यांना जरा राग आला, आणि आम्हां दोघांना हायसं वाटलं.

महिन्याभरात रायफल घरी आली, बैठकीच्या भिंतीवर लागली, अगदी ओळंब्यात. आणि गेल्या आठवड्यात दाजींकडे गावाकडचे पाहुणे आले. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी शहरात आलेले, साठीचे, अदबीनं बोलणारे. पाटलांचे नातू. मी तिथंच होतो. चहा आला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या. मग भिंतीकडे बघत, डोळे बारीक करत ते म्हणाले, "ही आबांची ना? आमचे आजोबा सांगायचे हिच्याबद्दल. अजून चालते का हो?"

माझी बहीण दारात ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. दाजींनी कप खाली ठेवला.

"चालते की," ते म्हणाले. "आम्ही चालवत नाही."

पाहुण्यांनी मान डोलावली, हात जोडले आणि निरोप घेतला. दाजी त्यांना थेट गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवून आले. त्या संध्याकाळी वंदनेला मीही बसलो. दाजी पुढं म्हणत होते, आम्ही दोघं मागून. चौथ्या शीलाशी ते थांबले. मेणबत्ती वाऱ्यानं हलली, तरी त्यांनी उठून खिडकी लावली नाही. मग त्यांनी ते शील हळू आवाजात पूर्ण म्हटलं, आणि मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्यामागून नुसते ओठ न हलवता म्हटलं.